दारे कोण धरतो?

वार्षिक अंकासाठी काहीतरी लिहून द्यावे, असा संपादकांचा निरोप दर वर्षी दिवाळीनंतर येतो, आणि दर वर्षी काही ना काही निमित्त सांगून मी तो टाळीत आलो आहे. या वर्षी मात्र निमित्त शोधण्याची इच्छा झाली नाही. नववीच्या वर्गातील एका विद्यार्थ्यावर मी भर वर्गात एक ठपका ठेवला होता. तो खोटा होता. पुढे मी त्याच वर्गापुढे माझी चूक कबूल केली. परंतु ठपका मधल्या सुट्टीत साऱ्या शाळेत पसरला, आणि कबुली मात्र वर्गाच्या चार भिंतींबाहेर गेली नाही. ठपका जेवढा दूर गेला तेवढी कबुलीही गेली पाहिजे, या न्यायाने हा लेख लिहीत आहे. त्यात विजेचे थोडे शास्त्र येईल. त्यास इलाज नाही, कारण चूक शास्त्रातच झाली होती.

माझे बिऱ्हाड करमाडास आहे. छत्रपती संभाजीनगराहून जालन्याकडे जाताना शेंद्र्याची औद्योगिक वसाहत मागे पडली की हे गाव लागते. निजामाच्या राजवटीत घातलेल्या लोहमार्गावरील एक लहानसे स्थानक गावाला आहे. एका अंगाला कारखान्यांचे दिवे रात्रभर जळत असतात, तर दुसऱ्या अंगाला विहिरींच्या पाण्यावर जगणारी शेती. ज्या मुलाची ही हकीकत आहे तो या दुसऱ्या अंगाचा. सकाळी मी ज्या बसने शाळेस येतो त्याच बसने तोही येतो, आणि थंडीच्या दिवसांत पुष्कळदा पेंगत येतो. एकदा मी त्यास कारण विचारले. तो म्हणाला, “सर, रात्री वडिलांबरोबर दारे धरायला गेलो होतो.”

शहरातील विद्यार्थ्यांसाठी या शब्दाचा अर्थ सांगितला पाहिजे. विहिरीवरचा पंप पाणी पाटात सोडतो, व पाटातून ते एकेका वाफ्यात जाते. वाफा भरला की त्याचे तोंड मातीने बुजवावयाचे व पुढच्याचे उघडावयाचे. या कामास दारे धरणे म्हणतात. शेतीपंपांची वीज आमच्या भागात एका आठवड्यात दिवसा, तर दुसऱ्या आठवड्यात रात्री, अशी पाळीपाळीने येत आलेली आहे. दिवसा वीज मिळावी म्हणून राज्य सरकारने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली हे खरे; परंतु या मुलाच्या वडिलांना ऐन डिसेंबरातही गव्हाला पाणी देण्यासाठी मध्यरात्री उठावे लागत होते. पायांखाली चिखल, हातात विजेरी, आणि विंचूकाट्याचे भय मनात. वडिलांनी रात्री उठू नये, मातीने स्वतःच तहान लागल्याचे सांगावे व पंपाने ते ऐकावे, एवढीच त्या मुलाची कल्पना होती. जानेवारीतील विज्ञानप्रदर्शनात तिचा एक लहान नमुना मांडावा, असे त्याने मनाशी ठरविले.

त्याची सामग्री साधी होती. शहरातील एका दुकानातून आणलेला अंगठ्याएवढ्या मोटरीचा खेळण्यातला पंप, चार सेलांची ६ व्होल्टांची पेटी, दोन लोखंडी खिळे, मेथी पेरलेले एक घमेले, आणि बीसी ५४७ या नावाचा एक ट्रान्झिस्टर. ओल्या मातीतून वीज थोडीशी वाहते व कोरड्या मातीतून जवळजवळ वाहत नाही, हे त्यास ठाऊक होते. खिळे मातीत खोचावे व त्यांतून येणाऱ्या प्रवाहाने मोटरीला हुकूम करावा, असा त्याचा बेत. ओल असता पंप थांबावा व कोरड असता चालावा, ही उलटापालट नंतर पाहता येईल; आधी पंप फिरला तरी पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते.

ट्रान्झिस्टर म्हटले की आमच्या पिढीतील लोकांना गळ्यात अडकवावयाचा रेडिओ आठवतो. परंतु ते नाव मुळात त्या रेडिओच्या पोटातील वाटाण्याएवढ्या वस्तूचे आहे. अमेरिकेतील न्यू जर्सी येथे, बेल प्रयोगशाळेत, जॉन बार्डीन व वॉल्टर ब्रॅटन यांनी डिसेंबर १९४७ मध्ये पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखविला. त्यांचे सहकारी विल्यम शॉक्ली यांनी पुढे त्याचा अधिक सोयीचा प्रकार काढला, आणि १९५६ साली या तिघांना मिळून नोबेल पारितोषिक देण्यात आले. या वस्तूला तीन पाय असतात. कलेक्टर नावाच्या पायातून मोठा प्रवाह आत येतो व एमिटर नावाच्या पायातून बाहेर पडतो. परंतु बेस नावाच्या तिसऱ्या पायात थोडासा प्रवाह सोडल्याखेरीज ही वाट उघडत नाही. बेसमधील प्रवाह लहान असतो, आणि त्याच्या शंभर-दोनशे पट प्रवाह कलेक्टरच्या वाटेने जाऊ शकतो.

मुलाने जोडणी केली, आणि पंप नुसता थरथरला. मातीत आणखी पाणी ओतले तरी थरथरलाच. तेव्हा विजेला वाट मोकळी व्हावी म्हणून त्याने मातीत मीठ कालविले! मोटरीने अर्धा फेरा घेतला, ट्रान्झिस्टरातून उग्र वास आला, आणि बोट लावून पाहण्याच्या नादात त्याचे बोट चांगलेच पोळले.

दुसऱ्या दिवशी ती काळवंडलेली वस्तू घेऊन तो माझ्याकडे आला. मला फार आनंद झाला, हे कबूल केले पाहिजे. शिकविण्याची अशी संधी वर्षातून एखाददुसरीच येते. मी त्यास म्हणालो, “अरे, जोडण्यापूर्वी मोजावे. तू जोडून मग विचार करतोस.” हे वाक्य पुढे माझ्यावरच उलटावयाचे होते.

आम्ही मोजमाप केले. मोटरीच्या वेटोळ्याचा रोध ८ ओहम भरला. पंप मोकळा फिरत असता २०० मिलिअँपियर प्रवाह घेई. परंतु फिरू लागण्यापूर्वी, म्हणजे जागच्या जागी उभी असता, मोटर ६ भागिले ८, म्हणजे ७५० मिलिअँपियर मागते; फिरू लागली म्हणजे ती स्वतःच उलट दिशेचा दाब उत्पन्न करते, व म्हणून तिची भूक कमी होते. आता बीसी ५४७ हा ट्रान्झिस्टर १०० मिलिअँपियरपर्यंतच प्रवाह वाहून नेण्यासाठी केलेला असतो. ओल्या मातीतून त्याच्या बेसला जेमतेम अर्धा मिलिअँपियर मिळत होता. त्याच्या दोनशे पट धरले तरी १०० मिलिअँपियर होतात. तेवढ्याने मोटर हलेना, आणि सेलांच्या ६ व्होल्टांपैकी पाचांहून अधिक व्होल्ट ट्रान्झिस्टरच्याच माथी बसले. पाच व्होल्ट व शंभर मिलिअँपियर म्हणजे अर्धा वॅट उष्णता. वाटाण्याएवढ्या वस्तूला ती आधीच सोसण्याच्या काठावर होती, आणि मिठाने उरलेले काम केले. दार पुरते मिटलेले असता ट्रान्झिस्टर तापत नाही, कारण प्रवाह नसतो. पुरते उघडे असता फार तापत नाही, कारण त्यावर दाब उरत नाही. अर्धवट उघडे दारच त्यास जाळते.

मग फळ्यावर मी माझी आकृती काढली. मोटरीसाठी २एन२२२२ हा अधिक ताकदीचा ट्रान्झिस्टर घेतला. तो ८०० मिलिअँपियरपर्यंत प्रवाह पेलतो. ज्याला दार सताड उघडावयाचे आहे त्याने कामाच्या प्रवाहाचा सुमारे दहावा हिस्सा बेसला द्यावा, असा व्यवहारातील नियम आहे. २०० चा दहावा हिस्सा २०. सेलांचे ६ व्होल्ट, त्यांतून बेसवर पडणारे ०.७ व्होल्ट वजा केले म्हणजे ५.३ उरले; त्यांस २२० ओहमांच्या रोधकाने भागले असता २४ मिलिअँपियर येतात. पुरेसे आणि थोडे वर. मातीची खबर ऐकण्याचे काम जुन्या बीसी ५४७ कडेच ठेवले. माती ओली असेल तर तो उघडतो व मोठ्या ट्रान्झिस्टरच्या बेसकडे निघालेला प्रवाह मध्येच आपल्याकडे वळवून घेतो; मग मोठा मिटतो व पंप थांबतो. माती सुकली की लहान मिटतो, २४ मिलिअँपियर सरळ मोठ्याच्या बेसमध्ये जातात, आणि पंप चालू होतो. उलटापालट आपोआप साधली. वर्गाने आकृती उतरून घेतली. खडूचे हात झटकताना मी मनात म्हणालो, याला म्हणतात शिकविणे.

मुलाने ती आकृती रेघ न् रेघ पाळून जोडली, सांधे डाख देऊन पक्के केले, आणि पंप चालला. कोरड्या मातीत खिळे असता पाणी वाहू लागे. ओल्या मातीत खोचताच थांबे. शाळेतील निवडीच्या दिवशी त्याने ते यंत्र सकाळपासून जो येईल त्याला दाखविले. खिळे ओल्या मातीत खोचावे, काढावे, पुन्हा खोचावे. पंप बंद, सुरू, पुन्हा बंद. असे पन्नास-साठ वेळा झाले असेल. दुपारी परीक्षक म्हणून दोन शिक्षक व मी त्याच्यापुढे उभे राहिलो. त्याने खिळे ओल्या मातीत खोचले, पंप थांबेना. त्याने तारा हलविल्या, थांबेना. घमेले भरले, मेथीची रोपे तरंगू लागली, पाणी मेजावरून खाली वर्गाच्या फरशीवर आले, आणि मुले हसू लागली. शेवटी मीच पुढे होऊन सेलाची तार ओढून काढली. मोठा ट्रान्झिस्टर निकामी झाला होता. त्याचे दार उघडेच्या उघडे राहिले होते.

पुढे मी जे बोललो ते येथे लिहावयास लाज वाटते, तरी लिहितो. “आकृती बरोबर आहे,” मी म्हणालो, “तुझ्या हाताला शिस्त नाही. दिवसभर खेळ करीत बसलास. हे असे पहिल्यांदाच झाले आहे काय?” मुलगा काही बोलला नाही. त्याने रोपे गोळा केली व फरशी पुसून घेतली. दुसऱ्या दिवशी तो बसला नव्हता. तिसऱ्या दिवशीही नव्हता. प्रदर्शनाच्या यादीतून त्याने आपले नाव काढावयास सांगितले आहे, असे त्याच्या एका सोबत्याकडून कळले.

शनिवारी दुपारी मी त्याच्या शेतावर गेलो. समजूत घालावी, थोडे दटावावे, एवढ्याच विचाराने गेलो होतो; क्षमा मागण्याचे माझ्या मनात नव्हते, कारण माझी चूक आहे असे मला वाटतच नव्हते. त्या आठवड्यात वीज दिवसाची होती. वडील गव्हाला पाणी देत होते, आणि मुलगा बांधावर बसून होता. मला पाहून तो उठून उभा राहिला व मान खाली घालून तसाच राहिला. वडिलांनी “या सर” म्हणून हातातले फावडे टेकविले, चहा सांगितला, आणि मुलाची बाजू घेण्याऐवजी मलाच प्रश्न विचारला. “सर, पोरगं म्हणतं, त्या यंत्रात माणूस लागत न्हाई. मग त्याच्यात दारं कोण धरतं?”

मी म्हणालो, “भाऊ, ट्रान्झिस्टर धरतो.” आणि सांगू लागलो की पाणी ओढण्याचा जोर जसा पंपाचा असतो, तुमच्या हाताचा नसतो, तुम्ही फक्त मूठभर मातीने वाट उघडता वा बुजविता, तसेच ट्रान्झिस्टर मोटरीला फिरवीत नाही, फिरविण्याचा जोर सेलांचा, तो नुसता वाट उघडतो व बुजवितो. विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीतही हेच आहे. हिरव्या बटणातून मोटरीचा प्रवाह जात नाही. बटण एका लहान वेटोळ्याला जागे करते व ते वेटोळे मोठे सांधे ओढून धरते. हे त्यांना तत्काळ पटले. तेवढ्यात वाफा भरत आला, आणि बोलता बोलता ते उठले. त्यांनी आधी पुढच्या वाफ्याचे तोंड फोडले, पाणी तिकडे धावू लागलेले पाहिले, आणि मगच भरलेल्या वाफ्याचे तोंड बुजविले.

मी सहज विचारले, “भाऊ, आधी हे बुजवून मग ते का नाही उघडीत?”

ते हसले. “सर, मागून येणारं पाणी आपलं ऐकून थांबतं व्हय? त्याला जायला वाट न ठेवता दार बुजवलं, तर पाट फुटंल की. आधी नवं दार फोडायचं, मंग जुनं बुजवायचं. हे तर ह्या पोरालाबी ठावं हाय.”

मी जागच्या जागी उभा राहिलो. हातातला चहा निवून गेला. मागून येणारे पाणी आपले ऐकून थांबत नाही! वेटोळ्यातून वाहणारा प्रवाहही थांबत नाही. हा धडा दहावीच्या वर्गाला विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या ओघात मी वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. इंग्लंडात मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली प्रवर्तनाचा शोध लावला. अमेरिकेत आल्बनी येथील शाळेत गणित व पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या जोसेफ हेन्री या शिक्षकाने १८३२ साली असे प्रसिद्ध केले की वेटोळ्यातील प्रवाह एकाएकी तोडला असता ते वेटोळे स्वतःच दाब उत्पन्न करून तो प्रवाह चालू ठेवू पाहते. आणि हा गुण मोजण्याच्या एककास आज त्याचेच नाव आहे. महाविद्यालयात असता आमच्या प्राध्यापकांनी एकाच सेलाला जोडलेल्या वेटोळ्याची तार मला हाताने सोडावयास लावली होती, व दीड व्होल्टांच्या त्या सेलाने मला असा झटका दिला होता की सारा वर्ग हसला होता. हे सगळे मला ठाऊक होते. मोटर म्हणजे वेटोळेच हेही ठाऊक होते. आणि फळ्यावर आकृती काढताना मी दार बुजविण्याची सोय केली, परंतु मागून येणाऱ्या प्रवाहासाठी दुसरी वाट ठेवली नाही! मुलगा जितक्या वेळा पंप बंद करी तितक्या वेळा ६ व्होल्टांच्या त्या मंडळात क्षणभर दाबाचा लोंढा उसळे. २एन२२२२ हा सुमारे ४० व्होल्टांपर्यंतच टिकाव धरतो. पन्नास-साठ लोंढे त्याने सोसले, आणि मग पाट फुटला.

मुलाचा हात बेशिस्त नव्हता. माझी आकृती अपुरी होती, आणि ती त्याने फार इमानाने पाळली होती, म्हणूनच ते यंत्र जळले.

हे मी त्याला बांधावरच सांगितले, त्याच्या वडिलांसमोर. तो काही वेळ पायाने ढेकूळ फोडीत राहिला. मग म्हणाला, “सर, मला वाटलंच होतं की मी काही केलं नाही. पण तुम्ही म्हणालात म्हणून वाटलं, केलं असेल.” मित्रांनो, या वाक्याने मला जेवढे दुःख झाले तेवढे त्याने रागावून काही म्हटले असते तर झाले नसते. शिक्षकाच्या शब्दासाठी मूल आपल्या डोळ्यांनी पाहिलेलेही खोटे मानावयास तयार होते. तो शब्द किती मोजून उच्चारला पाहिजे!

सोमवारी पहिल्याच तासाला मी एक जुना ट्रान्सफॉर्मर, तेच चार सेल व टेस्टरमधील एक निऑनचा दिवा घेऊन वर्गात गेलो. हा दिवा साठ व्होल्टांहून कमी दाबास जळत नाही. तो वेटोळ्याच्या दोन टोकांस जोडला, सेल लावले, दिवा काळाच राहिला. सेलाची तार सोडली, त्या क्षणी दिवा तांबूस लखलखला. सहा व्होल्टांनी साठ व्होल्टांचा दिवा लागला, आणि तोही सेल तोडल्यावर! वर्ग चकित झाला. तेव्हा मी सांगितले की परवा मेथीचे घमेले ज्याने वाहविले तो हा लोंढा, व त्याला वाट ठेवावयास मी विसरलो होतो. ज्याच्यावर मी ठपका ठेवला त्याचा काही दोष नव्हता. वर्गात कोणी हसले नाही. मुलगा दुसऱ्या बाकावर बसला होता. त्याने वही उघडून आकृतीत एक नवीन रेघ ओढावयास घेतली.

ती रेघ म्हणजे डायोड. हा विजेचा एकमार्गी दरवाजा. १एन४००७ हा काही रुपयांत मिळणारा डायोड मोटरीच्या दोन टोकांना समांतर जोडावयाचा, आणि त्याच्या अंगावरील रुपेरी पट्टीची बाजू सेलांच्या धन टोकाकडे ठेवावयाची. पंप चालू असता तो मिटलेला असतो व कोणाच्या अध्यात ना मध्यात पडतो. ट्रान्झिस्टर मिटताच वेटोळ्याचा प्रवाह या डायोडमधून फिरून पुन्हा वेटोळ्यातच येतो व तेथल्या तेथे शांत होतो. दाब सेलांच्या दाबाहून एका व्होल्टाइतकाही क्वचितच वर चढतो. परंतु पट्टी उलट बाजूस ठेवली तर डायोड मोटरीला डावलून सारा प्रवाह ट्रान्झिस्टरमध्ये लोटतो व दोघेही क्षणात जळतात. म्हणून जोडण्यापूर्वी दोनदा पाहावे. हे दोनदा पाहणे आता आम्ही दोघे करतो, एकदा तो व एकदा मी.

यंत्र पुन्हा उभे राहिले, आणि त्यातील पुढचा दोष मुलाने स्वतः शोधून काढला. सायंकाळी माती हळूहळू सुकत आली की पंप धड चालेना, धड थांबेना. नुसता गुणगुणत राही व मोठा ट्रान्झिस्टर तापू लागे. “सर, हे अर्धं दार आहे,” तो म्हणाला. मला त्यास काही समजावून सांगावे लागले नाही. आम्ही मोठ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरपासून लहान ट्रान्झिस्टरच्या बेसपर्यंत २ लाख २० हजार ओहमांचा एक रोधक परत आणून जोडला. पंप बंद असता तो लहान ट्रान्झिस्टरला ‘उघडाच राहा’ अशी किंचित पुस्ती देतो, व पंप सुरू झाला की ती पुस्ती काढून घेतो. त्यामुळे यंत्र काठावर रेंगाळत नाही, इकडे किंवा तिकडे पटकन पडते. लोखंडी खिळे मात्र विजेच्या योगाने ओल्या मातीत लवकर गंजतात, आणि ते वरचेवर बदलावे लागतात. त्यावर उपाय तो अद्याप शोधीत आहे.

प्रदर्शनात त्यास पहिले बक्षीस मिळाले नाही. एका परीक्षकाने विचारले, “यात डायोड कशासाठी?” तेव्हा तो उत्तरला, “मागून येणारं पाणी आपलं ऐकून थांबत नाही, म्हणून.” परीक्षक गोंधळून माझ्याकडे पाहू लागले, मीही काही बोललो नाही, कारण त्याचे त्याला सांगता येत होते, आणि त्याने सांगितलेही.

पालकांपैकी कोणाचा असा समज होऊ नये की आता करमाडच्या त्या शेतावर रात्री कोणी उठत नाही. घमेल्यातील पंप व विहिरीवरचा पंप यांत फार मोठे अंतर आहे. मध्ये रिले हवा, स्टार्टर हवा, जाणत्या तारतंत्र्याचा हात हवा, आणि ते नववीच्या मुलाचे काम नव्हे. मी त्यास बजावून ठेवले आहे, व सर्वच विद्यार्थ्यांना येथे बजावतो, की हे प्रयोग सेलांवरच करावेत; घरातील अथवा शेतातील विजेला हात लावू नये. रात्रीची पाळी असली की त्याचे वडील अजूनही विजेरी घेऊन बांधावर जातात, आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये तो पेंगतो. मी त्याला जागे करीत नाही. शेंद्रे मागे पडले म्हणजे तो आपणच उठतो, वही काढतो, आणि कालच्या रात्री पाणी किती वाजता सुटले व कोणता वाफा किती वेळात भरला हे लिहून ठेवतो. मोजल्याशिवाय जोडावयाचे नाही, असे त्याने ठरविले आहे, आणि फळ्यावर आकृती काढून झाली की खडू खाली ठेवण्यापूर्वी मीही आता वर्गाला विचारतो, “मुलांनो, यात काही राहिले आहे काय?”